शेंगी जेवत नाही, आणि जेवली की पोट बिघडतं. काय घालू?

जुळेकरीण
२ मार्च, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

आमची शेंगी. गावठी, तीन वर्षांची. सोलापूरच्या बाळे भागाजवळ हायवेलगत एका टपरीमागे पिल्लू सापडलं, रंग भाजलेल्या शेंगदाण्यासारखा, म्हणून शेंगी. लसी वेळेवर, नसबंदी झालेली. दिवाळीत वजन १६ किलो होतं, काल १४ भरलं.

खाण्याचे नखरे विचारू नका. वाटी ठेवली की पळत येते, हुंगते, ओठ चाटते, माझ्याकडे अशी बघते की जणू मीच काही गुन्हा केलाय, आणि तुळशीमागे जाऊन बसते. दोन महिन्यांत पाच प्रकारची फूड आणली. प्रत्येक पिशवी पहिले दोन दिवस आवडते, तिसऱ्या दिवशी तोंड फिरवते. शेवटचं तर एका दुकानातून सुटं एक किलो आणलं, म्हटलं वाया गेलं तर थोडक्यात. ते हुंगलंसुद्धा नाही.

आणि पोट. आठवड्यातले चार दिवस शी पातळ. कधी शेणासारखी, कधी नुसतं पाणी आणि वर शेंबडासारखा थर. पहाटे पाचला पिवळा फेस ओकते. जंताची गोळी जानेवारीत दिली होती.

आमचं घर शाकाहारी. अव्वा आणि आप्पांनी (सासू-सासरे) कुत्री घरात येऊ दिली हेच खूप झालं, चिकन आमच्या ओट्यावर शिजणार नाही. अशा कुत्रीला नेमकं कुठलं फूड चालेल? कुणाचा अनुभव?

कडकभाकरी
२ मार्च, रात्री ११.०५

ताई, नखरे-बिखरे काही नसतं बघा. दोन दिवस काही देऊ नका, तिसऱ्या दिवशी दगड पण खाईल. आमच्या मोहोळकडच्या शेतावरचा मोत्या शिळी भाकरी आणि ताक पिऊन बारा वर्षं जगला. फूड-बीड हे सगळं शहराचं खूळ.

पम्मीची आई
२ मार्च, रात्री ११.३०

माझी पॉमेरियन सेम टू सेम. मी गरम वरण-भातावर चमचाभर तूप घालते, चाटूनपुसून खाते. पोट बिघडलं की दहीभात आणि उकडलेला लाल भोपळा. भोपळा खरंच लागू पडतो हं, बी-साल काढून नुसता गर.

गोठ्यातला डॉक्टर
३ मार्च, सकाळी ६.५०

पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आयुष्य गायी-म्हशी-शेळ्यांत गेलं, कुत्री त्या मानाने कमी पाहिली, तरी लिहितो.

जुळेकरीण, तुम्ही ज्याला नखरे म्हणता त्यातली एक गोष्ट मला नखरा वाटत नाही. वाटीकडे पळत येते, हुंगते, ओठ चाटते, मागे फिरते. भूक आहे म्हणून येते आणि मळमळतं म्हणून जाते. नखरेल कुत्रं वाटी हुंगून तुमच्या ताटाशी येऊन बसतं, तुळशीमागे जात नाही. पहाटेचा पिवळा फेस म्हणजे रिकाम्या पोटात चढलेलं पित्त. रात्री झोपताना चार घास दिले तर तेवढ्यापुरता थांबेल, पण ते औषध नव्हे.

दुसरं, वजन. सोळातले दोन गेले म्हणजे साडेबारा टक्के. ६४ किलोच्या माणसाचं चार महिन्यांत ८ किलो उतरलं तर घरचे त्याला नखरेल म्हणतील का? रक्त तपासायला नेतील.

तेव्हा सहावी पिशवी आणू नका. आधी शी तपासा. ताजी हवी, दोन-तीन तासांच्या आतली, आणि तीन वेगवेगळ्या दिवसांची. जिआर्डिया नावाचा एकपेशीय परजीवी असतो, तो रोजच्या नमुन्यात सापडेलच असं नाही. जंताच्या नेहमीच्या गोळीच्या एका डोसाने तो हलतही नाही. सोबत रक्त: पेशी, प्लेटलेट, लिव्हर, किडनी. आपल्याकडे गोचीड ताप काही कमी नाही, आणि त्यात कुत्रं सगळ्यात आधी काय सोडतं तर खाणं. तोंड उघडून दातही बघायला सांगा. दाढ तुटलेली असली तरी कुत्रं वाटीपाशी येऊन परत जातं.

कडकभाकरी, धट्ट्याकट्ट्या मोत्याला एक वेळचा लंघन चालतो. वजन उतरलेल्या कुत्रीला दोन दिवस उपाशी ठेवायचं नाही.

आणि ताई, शेंगी पाणी कुठलं पिते?

जुळेकरीण
३ मार्च, दुपारी १.१५

डॉक्टरकाका, मनापासून धन्यवाद. ओठ चाटणं म्हणजे मळमळ हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी तर त्याचा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला होता, "मॅडमला मेनू पसंत नाही" म्हणून. आता कसंतरी वाटतंय.

पाणी: नळाला चार-पाच दिवसांआड येतं, तुम्हाला माहीतच आहे. आमचं पिण्याचं वर टाकीत जातं आणि फिल्टरमधून येतं. शेंगीचं जिन्याखालच्या निळ्या अर्ध्या पिंपातलं. तिची वाटी आहे, पण तिला पिंपच आवडतं. पुढचे दोन्ही पाय आत टाकून पिते.

गोठ्यातला डॉक्टर
३ मार्च, दुपारी २.००

पाय आत टाकून. बरं. तपासणीचं नक्की करा.

लष्करचा शेरू
३ मार्च, रात्री ९.२०

जर्मन शेफर्डवाला आहे. आमच्याकडे उलटा प्रकार होता, वाचणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितो. शेरू दोन माणसांचं खायचा आणि बरगड्या मोजून घ्या. शी भरपूर, फिकट पिवळसर, तुपकट, फरशी पुसली तरी चिकट. भिंतीचा चुना चाटायचा. आम्ही आठ महिने फूड बदलत बसलो. शेवटी रक्ताची टीएलआय नावाची टेस्ट बाहेरगावी पाठवली, तेव्हा कळलं की स्वादुपिंड पाचकरस बनवतच नाही. शेफर्डमध्ये हे जास्त दिसतं म्हणे. आता प्रत्येक जेवणात एन्झाइमची पावडर मिसळतो, बी-१२ ची इंजेक्शनं झाली, शेरू ३४ किलो. त्या आठ महिन्यांत जेवढं फूड लोकांना वाटून टाकलं तेवढ्यात टेस्ट तीनदा झाली असती.

तुमच्या शेंगीला हे असेल असं वाटत नाही, ती खातच नाहीये. पण टेस्ट आधी, पिशवी नंतर, याला माझा जोरदार दुजोरा.

बारदान
४ मार्च, सकाळी १०.१०

सुट्या फूडबद्दल. माझा धंदा पशुखाद्याचा आहे (कुत्र्यांचं नाही, ढेप-भुसा), पण गणित तेच. कुत्र्याच्या दाण्यावर बाहेरून चरबी फवारलेली असते, वास आणि चव त्याचीच. पोतं फोडून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं, वरून आपलं सोलापूरचं ऊन, की ती चरबी खवट होते. शेंगदाण्याचं तेल उघडं ठेवून बघा, तसंच. माणसाला चटकन कळत नाही, कुत्र्याला लांबूनच कळतं. तुमच्या शेंगीने ते हुंगलं नाही यात तिचंच बरोबर होतं.

बंद पिशवी घ्या, लहान घ्या, महिन्या-दीड महिन्यात संपेल एवढीच. डब्यात ओतू नका. पिशवीसकट डब्यात ठेवा, म्हणजे तारीख आणि बॅच नंबर पण राहतो.

जुळेकरीण
८ मार्च, रात्री ९.४५

रिपोर्ट आले. पहिल्या दिवशीच्या नमुन्यात काही नाही. दुसऱ्या दिवशीच्यात जिआर्डिया. प्लेटलेट चांगल्या, हिमोग्लोबिन चांगलं, लिव्हर-किडनी ठीक. दात ठणठणीत. काका, तुम्हाला पिंपावरूनच कळलं होतं ना?

औषध सुरू केलंय. डोस इथे लिहीत नाही, वजनावर असतो आणि कुणी बघून देऊ नये म्हणून. डॉक्टरांनी घराचंही सांगितलं: शी लगेच उचलायची, अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडकडीत उन्हात, औषध संपेल त्या दिवशी शेंगीला आंघोळ आणि मागचा भाग नीट साबणाने, नाहीतर स्वतःला चाटून परत तेच पोटात. पिंप घासून पालथं घातलंय. आता उकळून गार केलेलं पाणी, स्टीलची वाटी, रोज दोनदा बदलायची. घरातल्यांनी हात धुवायचे. माणसाला कुत्र्याकडून होण्याची शक्यता कमी, तरी.

गोठ्यातला डॉक्टर
८ मार्च, रात्री १०.१०

पिंपावरून कळत नाही, संशय येतो. साठवलेल्या पाण्यात त्याची पुटी टिकून राहते आणि नेहमीच्या क्लोरीनला सहज दाद देत नाही. उकळलं की मरते, कोरड्या उन्हातही मरते. सोलापूरचं ऊन एकदा तरी कामाला येऊ दे.

कडकभाकरी
८ मार्च, रात्री १०.३०

दोन दिवस उपाशी ठेवा म्हणालो होतो, ते मागे घेतो ताई. पण मोत्या विहिरीचं पाणी प्यायचा एवढं सांगतो.

जुळेकरीण
१९ मार्च, दुपारी ३.३०

अपडेट. फेस ओकणं बंद. ओठ चाटणं जवळपास बंद. परत शी तपासली, जिआर्डिया नाही. पण मंडळी, शी अजून नीट नाही. पाण्यासारखी होत नाही, पण आकारही धरत नाही. आणि खाण्याचं म्हणाल तर डॉक्टरांनी पोटासाठीचं कमी चरबीचं महागडं फूड लिहून दिलं, ते आठ दिवसांत हळूहळू वाढवत न्यायचं होतं. पहिल्या दिवशी पाव भाग मिसळला. शेंगीने जुने दाणे वेचून खाल्ले आणि नवे वाटीत मांडून ठेवले. कोमट पाणी घातलं तर पाणी पिऊन टाकलं, दाणे तसेच.

आता काय?

पम्मीची आई
१९ मार्च, दुपारी ४.००

वाटी पंधरा मिनिटं ठेवून उचलायची आणि पुढच्या वेळेपर्यंत काही नाही, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. आता आजार नाहीये तर चालायला हरकत नसावी? आणि उन्हाची वेळ टाळा. माझी पम्मी मार्चपासून सकाळी सहाला आणि रात्री नऊनंतरच खाते, मध्ये पंख्याखाली नुसती पडून.

दाळभात पुरे
१९ मार्च, सायंकाळी ५.२५

शाकाहारी घर असेल तर दाळ-भात, भाकरी, दूध पुष्कळ झालं. कुत्रा हजारो वर्षं माणसाचंच उरलंसुरलं खात आलाय. मांस पाहिजेच हा कंपन्यांचा प्रचार.

लष्करचा शेरू
१९ मार्च, सायंकाळी ६.००

अर्धं बरोबर. कुत्र्याला पिष्ट पचतं, लांडग्यापेक्षा खूप चांगलं. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात कितीतरी जास्त असतात, २०१३ साली हे संशोधन आलं होतं. पण पचणं वेगळं आणि पुरणं वेगळं. भात-वरणात कॅल्शियम जवळपास नाही, प्रथिनं कमी. आणि उकडलेलं चिकन-भात, जे सगळे "बेस्ट" म्हणून सांगतात, त्यातही कॅल्शियम नाही. चार दिवस पोटाला आराम म्हणून ठीक. महिनोन् महिने तेच घातलं तर हाडं झिजतात. पण कॅल्शियमसाठी म्हणून शिजवलेली हाडं घालू नका बरं का, ती फुटून आतड्यात रुततात.

शाकाहारावर कुत्रं जगू शकतं, पण तो आहार जाणकाराने मांडून दिलेला हवा. घरातलं उरलेलं म्हणजे तो आहार होत नाही.

कारवानवाला
१९ मार्च, रात्री ८.४५

विषयांतर, पण वजनावरून आठवलं. आमच्या कारवान कुत्र्याच्या बरगड्या दिसतात म्हणून येणारा-जाणारा हटकतो, "खायला घालत नाही का ओ?" तो तसाच असतो, मुधोळकडचे सगळे तसेच. गावठीच्या बरगड्या मात्र दिसू नयेत, हात फिरवला की लागाव्यात. शेंगीच्या दिसतात का?

जुळेकरीण
१९ मार्च, रात्री ९.००

दिसतात हो. मागच्या तीन.

त्रैराशिक
२० मार्च, सकाळी ७.३०

गणिताचा शिक्षक आहे, कुत्रं पाळलेलं नाही, पण हा धागा रोज वाचतो. मला एक प्रश्न पडलाय: शेंगी काय खात नाही ते तुम्ही सविस्तर लिहिलंत. काय खाते ते कुठेच नाही. तीन वर्षांची कुत्री काहीच न खाता फिरणार नाही.

कुत्र्याला दिवसाला लागणाऱ्या ऊर्जेचं सूत्र मिळालं. साध्या कॅल्क्युलेटरवर होतं. वजनाचा घन करा, दोनदा वर्गमूळ काढा, ७० ने गुणा. १६ किलो धरू, तिथे पोचायचंय. १६ चा घन ४०९६, वर्गमूळ ६४, परत वर्गमूळ ८. आठ गुणिले सत्तर, ५६०. हे नुसतं पडून राहण्यापुरतं. नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला त्याच्या साधारण १.६ पट, म्हणजे ८९६. नऊशे कॅलरी म्हणू. त्यातला खाऊ दहा टक्क्यांच्या आत असावा, म्हणजे नव्वद.

एक वही घाला. दाराशी टांगा, पेन दोऱ्याने बांधा. घरातल्या प्रत्येकाने शेंगीला जे दिलं ते लिहायचं. रागवायचं नाही, नाहीतर लोक लिहीत नाहीत. (वीस वर्षं वह्या तपासतोय.)

जुळेकरीण
२३ मार्च, रात्री ११.१०

सर, तुमची वही घातली. तीन दिवस झाले. बसा.

पहिल्या दिवशी फक्त माझंच अक्षर. दुसऱ्या दिवशी मुलाने लिहिलं, "शेजारच्या ओमने कुरकुरे दिले, मी नाही दिले." मग आप्पांना वाटलं असावं की आपणही लिहावं. तिसऱ्या दिवसाचं पान तसंच उतरवते:

"सकाळी ६.१५ चहा + पारले ४. (बुडवून.)
११.०० दूध अर्धी वाटी, साय होती.
४.३० चहा + पारले ४.
७.०० पारले २, मागत होती. — आप्पा"

खाली अव्वांनी सांगितलेलं मुलाने लिहिलंय: "दुपारी अर्धी भाकरी, तूप, शेंगाची चटणी थोडीच."

मी हिशोब केला. एक बिस्कीट साधारण पंचवीस कॅलरी, दहा म्हणजे अडीचशे. सायीचं दूध, तुपातली अर्धी भाकरी. चारशेच्या पुढे गेलं, आणि माझी वाटी अजून यात नाहीच. मी दिवसभर ऑफिसात. संध्याकाळी येऊन वाटी ठेवते आणि म्हणते, मॅडमचे नखरे.

रागावले नाही, सर. पण चटणी वाचून पोटात गोळा आला. लसूण!

गोठ्यातला डॉक्टर
२४ मार्च, सकाळी ६.३०

चटणी आजपासून बंद. आपल्या शेंगाचटणीत लसूण सढळ असतो. कांदा आणि लसूण, कच्चा-शिजलेला कसाही, कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतो. तिचं हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणजे थोडक्यात निभावलंय. वर तेल, तिखट, मीठ. बेदाणे-मनुके-द्राक्षंही कधी नाही, ती किडनीवर जातात. प्रसादाच्या शिऱ्यातून हटकून पोटात जातात, लक्ष ठेवा. चॉकलेट नाही. चहाही नको, कॅफिन त्यांना सोसत नाही.

आता मुख्य गोष्ट. परजीवी गेला, तरी शी आकार धरत नाही आणि पोटात रोज दूध, गहू, तूप, चटणी, कुरकुरे आणि वर तुमचं फूड. कशाने बिघडतंय हे देवाला तरी कळेल का? कुत्र्यांना बाधणाऱ्या पदार्थांत बीफ, दूध, कोंबडी, गहू हे नेहमीचे. दुधाचं आणखी एक: मोठ्या कुत्र्यात दुधातली साखर पचवणारा रस कमी झालेला असतो, मग ॲलर्जी नसतानाही जुलाब.

यावर खरा उपाय एकच. तिने आजवर न खाल्लेलं एकच प्रथिन, एकच पिष्ट. बाकी शून्य. पोटाच्या तक्रारीत दोन-तीन आठवड्यांत कळतं, कातडीच्या खाजेला आठ आठवडे लागतात. तुमच्या डॉक्टरांना विचारून करा. तयार फूडही मिळतं, प्रथिनाचे बारीक तुकडे केलेलं, पण महाग, आणि शेंगीचा तयार दाण्यांवरचा राग पाहता घरचंच बरं. मासा खाल्लाय का कधी?

जुळेकरीण
२४ मार्च, सकाळी ९.००

आमच्या घरात मासा? नाही हो काका. तीन पिढ्यांत नाही.

गोठ्यातला डॉक्टर
२४ मार्च, सकाळी ९.२०

मग तोच. उजनी धरणातली चिलापी घ्या, स्वस्त, ताजी, चरबी कमी. सोबत उकडलेलं रताळं. मीठ, हळद, तेल काही नाही.

कडकभाकरी
२४ मार्च, सकाळी ९.४०

चिलापी म्हणजे आपल्या पोरांनी बांधावर बसून धरायची ती! घ्या की ताई. मासेवाल्याला "कुत्र्यासाठी" सांगू नका, डोकी-शेपट्या गळ्यात मारेल. घरासाठी म्हणा.

जुळेकरीण
११ एप्रिल, रात्री १०.००

अठरा दिवस झाले, म्हणून सविस्तर.

अव्वांना सांगितलं तेव्हा पाच मिनिटं शांतता. मग म्हणाल्या, "गच्चीवर कर, भांडं खाली आणू नको, आणि रताळं मी उकडून देते." रताळं उपवासाचं म्हणून त्यांना त्यात काही वाटलं नाही. गच्चीवर जुनी एक शेगडी नेली. आयुष्यात पहिल्यांदा मासा हातात घेतला. मासेवाल्याने खवले काढून दिले होते, तरी उकडल्यावर काटे काढायला पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं गेली. युक्ती अशी: पूर्ण गार होऊ द्यायचा नाही. कोमट असताना मधला काटा सलग निघतो, मग मांस बोटांनी चुरत जायचं, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, बोटांना जे टोचतं ते बाहेर. आता बारा मिनिटं लागतात.

पहिल्या वाटीला शेंगीने हुंगलं, मागे सरली, माझं काळीज थांबलं, आणि मग तोंड घातलं ते वाटी फरशीवर ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली.

डॉक्टरांनी कॅल्शियम आणि व्हिटॅमिनची पावडर वजनावर मोजून दिली, बिनवासाची. जंताची चिकन-फ्लेवरची गोळी होती, ती यात चालत नाही म्हणून बदलली. बिस्किटांचं काय? आप्पांना रताळ्याच्या वाळवलेल्या चकत्या करून दिल्या, त्यांच्या चहाच्या टेबलावर वेगळ्या डबीत. दोन दिवस डबीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी वहीत: "चकती ४. आवडली तिला."

नवव्या दिवशी शी पहिल्यांदा उचलता आली, फरशीवर डाग न राहता. मी फोटो काढला. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. असो.

मध्ये एकदा घसरण झाली. रविवारी पाहुणे आले, सोमवारी परत पातळ. वहीत नोंद नाही. कुणी काय दिलं ते अजून कळलेलं नाही, विचारणार पण नाही.

त्रैराशिक
१२ एप्रिल, सकाळी ७.००

नोंद नसलेली नोंद. छान.

लष्करचा शेरू
१२ एप्रिल, सकाळी ९.१५

आता घाई करू नका, एकेक पदार्थ परत घालून बघा. एका वेळी एकच, आठवडाभर. बिघडलं की लगेच बंद करून परत मासा-रताळं, आणि पोट सावरल्यावर पुढचा. नाहीतर काय बाधतं हे कळणारच नाही, आणि मासा-रताळं हा जन्माचा आहार नव्हे.

जुळेकरीण
५ मे, रात्री ९.३०

केलं. १५ एप्रिलपासून चिकन, शेजारच्या ताई त्यांच्याकडे उकडून देत होत्या. आठ दिवस. काही झालं नाही! मी तर चिकनवरच पैज लावली होती. मग साधी पोळी, २३ पासून, आठ दिवस. काही नाही. १ मेला दूध, पाव वाटी. रात्रीपर्यंत पोटात गुडगुड खोलीभर ऐकू येत होतं, २ तारखेला सकाळी पाणी. लगेच बंद केलं, ४ तारखेला परत व्यवस्थित.

म्हणजे दूध. पाच पिशव्यांचा काही दोष नव्हता, आणि मी दर दहा-बारा दिवसांनी एकदम नवी पिशवी सुरू करून त्यात भरच घालत होते.

आप्पांना सांगितलं. म्हणाले, "मग बिस्किटं कोरडी चालतील का?" बिस्किटातही थोडी दूध पावडर असते असं पाकिटावर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण पाकीट वाचलं, मागून-पुढून.

पम्मीची आई
५ मे, रात्री ९.५०

दही पण नाही का मग? माझ्या पम्मीला दही चालतं, दूध नाही.

गोठ्यातला डॉक्टर
६ मे, सकाळी ६.४०

दह्यात विरजणाने दुधातली साखर बरीच कमी झालेली असते, म्हणून पुष्कळांना चालतं. शेंगीला दुधातलं प्रथिन बाधतंय की साखर, ते दह्यावरून थोडंफार कळेल. पण आत्ता नको. महिनाभर पोट शांत राहू द्या, वजन चढू द्या. ही उत्सुकता आपली आहे, तिची नाही.

रोजच्यासाठी आता मासा हे मुख्य प्रथिन असलेलं, संपूर्ण आहार असं छापलेलं, दुधाचा अंश नसलेलं कोरडं फूड बघा. वर चिलापीचे चार घास. दहा दिवसांत बदला: पहिले तीन दिवस पाव भाग, मग अर्धा, मग पाऊण. लेबलवर पुढच्या मोठ्या अक्षरांना महत्त्व नाही, मागची घटकांची यादी वाचा. "फिश फ्लेवर" म्हणजे मासा नव्हे.

दाळभात पुरे
६ मे, सकाळी ८.३०

मी दूध पुष्कळ झालं म्हणालो होतो. चूकभूल द्यावी घ्यावी.

जुळेकरीण
१९ मे, रात्री १०.२०

वजन १५.३. मागची एक बरगडी अजून दिसते, दोन झाकल्या. कोरडं फूड पाऊण भागापर्यंत आलंय, लहान पिशवी, बारदानदादांच्या सांगण्याप्रमाणे पिशवीसकट डब्यात. सकाळी सहाला आणि रात्री साडेनऊला, कारण मधल्या वेळात ४३ डिग्रीत तिला कशातच रस नसतो. पंधरा मिनिटांनी वाटी उचलते. दोनदाच उचलावी लागली.

नखरे अजून आहेत, खोटं कशाला बोलू. चिलापी वर घातली नाही तर वाटीशी बसून माझी वाट बघते. पण तुळशीमागे जात नाही.

नवा सभासद ४१३
२० मे, सकाळी ११.००

आज पूर्ण धागा वाचला. आमच्या लॅब्रॅडॉरला सेम प्रॉब्लेम आहे, पातळ शी, तीन महिने. कुठलं फूड घेऊ? लवकर सांगा प्लीज.

त्रैराशिक
२० मे, सकाळी ११.०५

पाणी कुठलं पितो?